बॅटरीवाला दादूस

उरण-पनवेल पट्ट्यात कुणाच्याही घरी इन्व्हर्टर टीं-टीं करू लागला की दादूस हजर. बोलवावं लागत नाही. चिरनेरच्या महागणपतीला तो नेमाने जातो, पण वाटेत भेटलेल्याला ‘बरा हायस ना?’ असं विचारत नाही. थेट ‘पानी टाकला का?’ म्हणतो. नवख्याला वाटतं, झाडांना. एकवेळ पाकीट घरी विसरेल, पण मल्टिमीटर खिशात असतोच.

सध्या त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालंय. २०२१मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या चुलतभावांनी ते न वाचताच जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, पंखे, फ्रिज बसवले. गाडीबरोबर आलेली बॅटरी मात्र तासाभरात मान टाकायची.

दादूसने लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडला. ‘दोन पंखं, २५-२५ वॅट, आठ तास... ४००. फ्रिजचं ६००. दिवं नि मोबाइल १५०. झालं ११५० वॅट-अवर.’ मग इन्व्हर्टरच्या नेहमीच्या ट्युब्युलर बॅटरीचा पंचनामा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर देते, पण रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झडतं. हाती उरले ९००. दोन घ्याव्या तर वजन शंभर किलोंच्या वर. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडणार, ‘आनि तुमी तिच्यावरच झोपनार!’ शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेट ठरली. १२.८ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, त्यातली ऐंशी टक्के बिनधास्त वापरा. किंमत ऐकून थोरल्याने पाणी मागितलं.

‘डिस्टिल्ड?’ दादूसने विचारलं.

वायरिंगच्या दिवशी धाकट्याने घरातली उरलेली बारीक वायर काढली. हजार वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर शंभराच्या आसपास अँपिअर ओढतो, हे दादूसने अशा आवाजात सांगितलं की पोरं वायरीपासून दोन पावलं मागे सरली. मग जाड केबल आली, दाबून बसवलेले लग आले, प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज आला. इंजिनच्या अल्टरनेटरवरून थेट चार्जिंग नाही. लिथियम इतका करंट खेचते की अल्टरनेटरच तापून जायचा, म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर. चिरनेर गावाने २५ सप्टेंबर १९३०ला अक्कादेवीच्या माळावर इंग्रजांचा जंगल कायदा मोडला, पण दादूसचा फ्यूजचा कायदा मोडायची कुणाची टाप नाही. त्यातून त्याचं सगळं बरोबर असतं. खरा वैताग तोच आहे. चुकला असता तर निदान हसता आलं असतं.

पहिली सफर आक्षीच्या किनाऱ्यावर. दादूसला न्यावंच लागलं, कारण कुठला स्विच कशाचा हे त्यालाच ठाऊक. थोरल्याने पंखा लावला. ‘खिरकीतना वारा येतंय ना?’ म्हणत दादूसने तो बंद केला. फ्रिज उघडून आत डोकावला. ‘दोन बाटल्यांसाठी?’ तोही बंद. वहिनींनी चार्जर लावला, तर म्हणाला, ‘घरनं करून आनायचा.’ रात्रभर सगळे घामाच्या धारांत डास मारत पडले होते. बॅटरीवर पलंग, पलंगावर दादूस, आणि तो एकटाच गाढ झोपला होता.

पहाटे मोबाइलमधलं बॅटरीचं ॲप बघून त्याने गाडी दणाणून सोडली: ‘उठा रं! शहान्नव टक्के हाय अजून!’