उलव्याला उतरा, सहारला चढा

विमानाची तिकिटं विकणाऱ्या संकेतस्थळांना भूगोल येत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. त्यांच्या लेखी शहर म्हणजे नकाशावरचा ठिपका. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटू लागली आणि आमच्या ठिपक्याला दोन टोकं आली. एक उलव्याला, दुसरं सहारला. तेव्हापासून स्वस्तातलं तिकीट शोधायला बसलं की कधीतरी एक अजब पर्याय समोर येतो. नवी मुंबईला उतरा, मुंबईहून पुढचं विमान पकडा. खाली बारीक अक्षरांत, ‘विमानतळ बदलावा लागेल.’ तीनच शब्द. फलाट दोनवरून फलाट चारवर जा, म्हणावं इतक्या सहज.

आता फलाट बदलणं ही गोष्ट ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला येऊन थांबली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले, आणि तिथून त्यांना दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. म्हणजे आमच्या गावांचा जन्मच मुळी सांध्यावरचा. सरळ एका गाडीत बसून हव्या त्या ठिकाणी उतरणं हे भाग्य आमच्यापैकी फार थोड्यांच्या पत्रिकेत असतं. सहारला जायचं? लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे जमिनीखाली उतरून दुसरी मेट्रो. उलव्याला जायचं? लोकलने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने नेरूळ, तिथे उरणच्या गाडीत बसून तरघर. हे सगळं डोंबिवलीकर एका दमात, श्वास न घेता सांगतो, आणि वर कुठल्या डब्यात चढलं की जिना समोर येतो हेही सांगतो. त्यामुळे ‘विमानतळ बदलावा लागेल’ हे वाचून दिल्लीच्या किंवा बंगळूरच्या माणसाच्या पोटात गोळा येत असेल, आमच्या येत नाही. आम्ही फक्त विचारतो, मधे वेळ किती आहे?

खरी गोम त्या वेळेतच आहे. सहार आणि उलवे यांच्यात रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. इथे ‘सकाळी सातला निघालास तर तासाभरात, साडेआठला निघालास तर निघूच नकोस’ असं सांगायची पद्धत आहे. वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, मग सांताक्रूझकडे जाणारा लिंक रोड. यातल्या एकाही ठिकाणी काही अडकलं की संपलं. अटल सेतू आहे, पण तो शिवडीला नेऊन सोडतो, म्हणजे सहारहून निघालेल्याने आधी दक्षिणेला जायचं आणि मग समुद्र ओलांडायचा. दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो आठ अजून यायची आहे. ती येईल तेव्हा येईल, विमान तोवर थांबत नाही.

यात आपण एकटे आहोत असं मात्र नाही. लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक एकमेकांपासून असेच लांब. १९७८ ते १९८६ या काळात या दोघांच्या मधे चक्क हेलिकॉप्टरची फेरी चालायची. प्रवासी एका विमानातून उतरून हेलिकॉप्टरने दुसऱ्या विमानाकडे. शेवटी शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाचा या दोघांना जोडणारा भाग पूर्ण झाला आणि ती चैन बंद पडली. (आपल्याकडे उलट, महामार्ग झाल्यावर हेलिकॉप्टरची गरज जास्त भासू लागते.) शिवाय लंडनला विमानतळ बदलायचा म्हणजे देशात शिरणं आलं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला सहसा व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त म्हणून घ्यायचं आणि व्हिसासाठी रांगेत उभं राहायचं. टोकियोवाल्यांनी नारिता आणि हानेदा या दोन विमानतळांना शहराच्या पोटातून जाणाऱ्या थेट गाडीने जोडलंय. बसलं की उतरेपर्यंत काही बदलायचं नाही. डोंबिवलीकराला अशा गाडीत झोपच लागणार नाही.

गोव्याने तर हा घोळ आपल्याआधी घालून ठेवला. दक्षिणेला नौदलाच्या तळावरचं दाबोळी होतंच, जानेवारी २०२३ मध्ये उत्तरेला मोपा सुरू झालं. एवढ्याशा गोव्यात दोन विमानतळ आणि दोघांच्या मधे रस्त्याने साठेक किलोमीटर. तिथे कोणाला आणायला जायचं असेल तर दिवस-वेळ विचारण्याआधी ‘कुठलं?’ हे विचारतात.

आणि मुंबईत चुकीच्या विमानतळाचा इतिहास तसा जुना आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा शहरात गोंधळायला दुसरा विमानतळच नव्हता. पुढे सांताक्रूझ आलं आणि दोघं जवळजवळ शेजारी झाले. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. ते नंतर उडवून नेता आलं. १९७२ मध्ये लंडनहून टोकियोला निघालेल्या जपानी विमानाने हीच चूक केली आणि धावपट्टी संपली तरी ते थांबलं नाही. माणसं वाचली, विमान कामातून गेलं. मला यात एक दिलासा वाटतो. साक्षात वैमानिकांना दोन विमानतळ कळले नाहीत तिथे ‘साहेब, डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ एवढंच विचारणाऱ्या रिक्षावाल्याला काय बोलणार! त्याचा प्रश्न २०१४ पर्यंत बरोबर होता. डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ, इंटरनॅशनल म्हणजे सहार. मग सहारला नवं टर्मिनल झालं, देशातली विमानंही तिथून उडू लागली, आणि आता त्यात उलव्याची भर पडली.

हे सगळं मला पाठ झालं ते भाच्यामुळे. ताई नागपूरला असते, तिचा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला. पोराने दोन वेगवेगळी तिकिटं काढली. नागपूरहून नवी मुंबई, उतरणार भर दुपारी. जर्मनीचं विमान सहारहून, मध्यरात्रीनंतर. मला फोन करून म्हणाला, “मामा, मधे बराच लेओव्हर आहे, मी एअरपोर्टवरच बसेन.”

“कुठल्या एअरपोर्टवर?” मी विचारलं. तो गप्प झाला.

फोन स्पीकरवर होता. त्याची मामी कणीक मळत होती, तिने हात न धुताच निकाल दिला. “कशाला बसतोस? जेवायला घरी ये.”

ज्याला जग ‘कनेक्शन’ म्हणतं ते आमच्या घरात त्या क्षणापासून ‘जेवण’ झालं. गंमत म्हणजे भूगोल मामीच्या बाजूने होता. उलव्याहून डोंबिवली आणि डोंबिवलीहून सहार हा वळसा मोठा खरा, पण वेळ भरपूर होता, आणि त्या दोन ठिकाणांच्या मधे कुठेतरी, थोडं वरच्या अंगाला का होईना, आम्हीच तर राहतो. आयुष्यभर ‘एवढ्या लांब कोण येणार’ हे ऐकलेल्या माणसाला आपण जर्मनीच्या वाटेवर आहोत हे कळण्याचा आनंद तुम्हाला ठाण्याच्या पलीकडे राहिल्याशिवाय समजायचा नाही.

मग रस्त्यावरून परिषद भरली. शेजारचे काका म्हणाले शीळफाट्याला संध्याकाळी जाऊ नका. समोरचे म्हणाले महापे-ऐरोलीवरून पवई गाठा. तिसऱ्यांनी नेवाळीच्या जुन्या धावपट्टीचा विषय काढला. कल्याणच्या अलीकडे-पलीकडे कुठेही दोन माणसं विमानाबद्दल बोलू लागली की तो निघतोच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली होती. लढाई संपली, जमिनी काही परत मिळाल्या नाहीत, आणि त्यावरून जून २०१७ मध्ये मोठं आंदोलन पेटलं. मधल्या काळात कधी कधी ‘मुंबईचा दुसरा विमानतळ कल्याणला’ अशी चर्चाही झाली. “तो झाला असता तर पोराला रिक्षाने सोडलं असतं,” असं ते तिसरे गृहस्थ हळहळून म्हणाले. ज्यांची शेतं गेली त्यांच्यासमोर हे वाक्य त्यांनी उच्चारू नये, एवढंच मला तेव्हा वाटलं.

खरी अडचण निघाली बॅगांची. एकाच तिकिटावर दोन विमानं असली की सामान कधी कधी परस्पर पुढे जातं. विमानतळच बदलायचा तर ते तुमच्या डोक्यावर. त्यात तिकिटं वेगळी म्हणजे नियम वेगळे. जर्मनीच्या विमानात तेवीस किलोची बॅग चालते, नागपूरच्या विमानात पंधराची. पोराने अर्धं सामान ताईकडेच ठेवलं होतं आणि तोंड पाडून आला होता. मामीला हे कळलं आणि तिचे डोळे चमकले. आठ किलो रिकामे! एखाद्या सरकारी खात्याला मार्चअखेरीस शिल्लक निधी सापडावा तशी ती कामाला लागली. मेतकूट, भाजणी, डाळींची पूड, लोणचं, कुकर. काटा बाहेर आला, बॅग तीनदा उघडली, तीनदा मिटली. नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी आमच्यासाठी होती, तीही परत त्याच्याच बॅगेत गेली.

मधे ताईचा दर अर्ध्या तासाला फोन. “निघाला का?”

“अगं, जेवतोय.”

“विमान चुकेल!”

“ताई, त्याला वेगळं तिकीट म्हणजे काय ते माहीत आहे,” मी म्हटलं. पहिलं विमान उशिरा आलं असतं तर दुसऱ्या कंपनीने हात वर केले असते, हे मी तिला सांगितलं नाही. तिला नागपूरहून करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

साडेसहाला गाडी निघाली. ऐरोलीला थोडं तुंबलं, पवईला बरंच, पण काकांनी वर्तवलेला प्रलय काही झाला नाही. साडेनऊच्या आत तो सहारच्या दारात होता. सुरक्षा तपासणीतून त्याने फोटो पाठवला, कुकरची शिट्टी काढून हातात धरलेला. अधिकाऱ्याने तिच्याबद्दल काय विचारलं आणि याने काय सांगितलं ते कळलं नाही.

आता तो सुट्टीला येणार आहे. मामीने फ्रीजवर तारीख लावून ठेवली आहे. सहारला पहाटे उतरणार, मग उलव्याहून नागपूर, मधे निदान नाश्ता तरी होईल, असा तिचा हिशोब आहे. त्याने तिकीट दिल्लीमार्गे काढलंय. दिल्लीला एकाच इमारतीत विमान बदलायचं. मला मेसेज करून कळवलंय त्याने, आणि खाली लिहिलंय, “मामा, मामीला तुम्हीच सांगा.”