केर विकत घेणारे वेडे

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांना शहाणे कोण म्हणेल? पाऊस पडला तर ज्वारी, नाहीतर चाऱ्याचीही वानवा, अशा रानातून उठून ही माणसे केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत गेली आणि दुसऱ्यांचे मोडके, भेसळीचे सोने गाळत बसली. सोनाराच्या पेढीवरचा केरसुद्धा त्यांनी दाम मोजून घेतला. साताऱ्याच्या माण-खटावनेही त्यांचीच वाट धरली. या वेडेपणाची मी मनापासून स्तुती करणार आहे.

सोने मुशीत वितळवून त्यात मुद्दाम चांदी मिसळायची. तो गोळा नायट्रिक आम्लात उकळला की चांदी आणि तांबे विरघळून जातात. भांड्याच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ उरतो. सोने ते हेच. पुन्हा वितळवले की झळाळते. त्यावर आधी कोणत्या राजाचा शिक्का होता, हे मूस विचारत नाही.

अॅरिस्टॉटल म्हणत होता की नाणे निसर्गाने नव्हे, माणसांच्या संमतीने चालते. ती संमती हुकमाने मिळवता येते, असे बहुतेक राजांना वाटले. शिवाजी महाराजांना तसे वाटले नाही. 1674 साली राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, हे त्याच्या मागण्यांतले एक कलम. महाराजांचे म्हणणे असे पडले की कोणत्याही नाण्याला आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान, ते नाणे घ्यायला आम्ही तिला भाग पाडणार नाही. वजनाने आणि कसाने मोगलाई नाण्याच्या तोडीचे असेल, तर खुशाल चालावे. स्वतःचे होन आणि शिवराई पाडणाऱ्या राजाने आपल्याच हुकमाला असे कुंपण घालून घ्यावे! सत्तेच्या व्यवहारात याहून मोठा वेडेपणा नाही, आणि याहून मोठी रयतेची कदरही नाही.

बावीस वर्षांनी इंग्लंडने कडा कातरलेली चांदीची नाणी गोळा करून नव्याने पाडली. पूर्ण वजनाचा आग्रह तत्त्वज्ञ जॉन लॉकचा होता आणि तो खराही होता. पण तो कायद्याने लादला गेला. बाजारात रोकड आटली आणि झळ गरिबांना बसली. धातूवर श्रद्धा महाराज आणि लॉक, दोघांचीही. रयतेला विचारण्याचे भान फक्त रायगडावर होते.

आमच्या काळाने शहाणपणाची बाजू घेतली. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. 14 तारखेला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, साताऱ्याच्या आणि सांगलीच्याही. ज्या बँकेत शेतकऱ्याचे पीककर्ज, तिच्याच खिडकीवर त्याची नोट नाकारली गेली, तीही ऐन रब्बीत. त्या नोटेवर सही होती, वचन होते, राजमुद्रा होती. घेणाऱ्याचे नुकसान होईल काय, एवढेच कुणी विचारले नव्हते.