निळ्या फुग्याच्या मालकांस, सुरतेहून

प्रति,
श्री. ॲपल शेठ,
मुक्काम क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया.



आम्ही सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात हिशेब लिहिणारी मराठी माणसं. राहायला उधना, लिंबायत, डिंडोलीकडे. मूळ गाव खानदेशात. आमच्याकडच्या बऱ्याच शेठ लोकांच्या हातात आपला फोन असतो आणि गल्ल्याशेजारी विंडोजचा संगणक, कारण टॅली त्यावर चालतं. निळ्या फुग्यात निरोप दाखवणारं आपलं आयमेसेज मात्र त्या संगणकावर येत नाही. एकाच टेबलावरच्या दोन यंत्रांमध्ये आपण जे सोवळं राखलं आहे, त्याबद्दल अभिनंदन करायला हे पत्र.

2011 साली आयमेसेज सुरू झालं, पुढच्या वर्षी आपल्या मॅकवर आलं. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड तेव्हापासून उंबऱ्याबाहेरच. भोळ्या लोकांना वाटतं, काहीतरी तांत्रिक अडचण असेल. आपल्या माणसांनी खरं कारण ईमेलमध्ये लिहूनच ठेवलं होतं. एपिक गेम्स या कंपनीबरोबरच्या खटल्यात 2021 साली त्या ईमेल बाहेर आल्या. 2013 मध्ये एडी क्यू यांना ही सेवा अँड्रॉइडवर न्यायची होती. क्रेग फेडरिगी म्हणाले, तसं केलं तर आयफोनवाले आईबाप पोरांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, मधला अडसरच जाईल. 2016 मध्ये फिल शिलर यांनीही तोच हिशेब मांडला: फायद्यापेक्षा नुकसान जास्त. इतकी स्वच्छ वही आमच्या मार्केटातही क्वचित दिसते.

आपला हा धडा आम्ही गिरवायचं म्हणतो. यापुढे आमच्या दुकानाची साडी आमच्याच ब्लाउजवर नेसायची. परका ब्लाउज दिसला की जरीची चमक जाईल, पदर आखूड होईल आणि हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायकांना कळेल की हिने भेसळ केली. परकर, फॉल, पिना, झालंच तर कपाटसुद्धा आमचंच. कुणी विचारलं असं का, तर हात जोडून सांगायचं, ‘ताई, तुमच्याच सुरक्षेसाठी.’

हे वाक्यही आपल्याकडूनच उचललं. डिसेंबर 2023 मध्ये बीपर मिनी नावाचं ॲप आलं आणि अँड्रॉइडवरून निळे फुगे उडू लागले. त्यामागची किल्ली शोधली होती शाळेत जाणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाने. तीन दिवसांत आपण ती वाट बुजवलीत आणि म्हणालात, ग्राहकांच्या रक्षणासाठी. त्या ॲपमधून जाणारा निरोप कुलूपबंद होता. त्याच अँड्रॉइडवाल्याला आपल्या फोनवरून तेव्हा जाणारा साधा एसएमएस उघडा. रक्षण ते हेच.

बाकीच्या वाटाही पाहण्यासारख्या आहेत. मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये फोन लिंकमधून आयफोनचे निरोप विंडोजवर आणले, पण ब्लूटूथच्या आधाराने. ग्रुप नाही, फोटो पाठवणं नाही. साडीचा फोटो जात नसेल तर रिंग रोडवर त्याचं काय करायचं? दुसरा उपाय ब्लूबबल्स: घरात एक मॅक कायम चालू ठेवायचा आणि त्याने निरोप पुढे ढकलायचे. म्हणजे मॅकशिवाय काम भागवायला आधी मॅक घ्यायचा.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. परक्या फोनला धाडलेला निरोप आपण हिरव्या फुग्यात दाखवता. अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च 2024 मध्ये आपल्यावर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात म्हटलं आहे की या हिरव्यापायी तिथली पोरं एकमेकांना वगळतात. आमच्याकडे हिरवा चुडा, हिरवा शालू, डोहाळजेवणाला हिरवी साडी. कमीपणासाठी भारतापुरता दुसरा रंग बघा.

2022 मध्ये एकाने आपल्या टिम कुक यांना विचारलं, आईला व्हिडिओ नीट जात नाहीत, काय करू? ते म्हणाले, आईला आयफोन घेऊन द्या. सल्ला मौलिक आहे. उधन्याच्या लूमवर राबणाऱ्यांच्या आया नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे असतात. त्यांच्यासाठी हप्त्यांची सोय तेवढी कळवावी.

खरं तर त्या माउलींची सोय आधीच झाली होती. सप्टेंबर 2018 मध्ये व्हॉट्सॲप बटणांच्या जिओफोनवर आलं. त्या फोनची अनामत तेव्हा 1500 रुपये होती. संगणकावर तर ते 2015 पासूनच आहे. म्हणून लाखाचा फोन बाळगणारा आमचा शेठही माल दाखवतो, भाव ठरवतो, उधारी मागतो ते त्याच फुकट ॲपवर. आपल्या निळ्या फुग्यात त्याला येतात ते बहुतेक बँकेचे एसएमएस, आणि तेसुद्धा निळे नसतात. बाजाराला असा निरोप्या लागतो, जो गिऱ्हाइकाच्या हातात कुठला फोन आहे हे विचारत नाही. व्हॉट्सॲपचा मालकही एकच, आणि त्याने उद्या दाराला कुलूप लावलं तर अख्खं मार्केट आत अडकेल, हे आम्हाला कळतं. म्हणूनच युरोपने नियम करून त्याला दारं उघडायला लावली. आपण मात्र तिथे सांगितलंत की आयमेसेज फारसं कुणी वापरत नाही, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्या नियमातून सुटलात. विकताना मोठं, नियमापुढे लहान: जुन्या मेहताजींनीही कान पकडावेत.

ब्लॅकबेरी फोनचं निरोपांचं ॲप, बीबीएम, आठवतं का? कॉलेजातली पोरं पिन मिरवायची. 2013 च्या ऑक्टोबरात त्यांनी ते आयफोन-अँड्रॉइडला खुलं केलं, तोवर पोरं उठून गेली होती. 31 मे 2019 ला दुकान बंद. आपण सप्टेंबर 2024 मध्ये अँड्रॉइडवाल्यांशी बोलायला एसएमएसपेक्षा नवं आरसीएस आणलंत, फोटो सुधारले. फुगा हिरवाच ठेवलात, तेवढा करारीपणा हवाच.

आता व्यवहाराचं. सुरतेत कुणी फुकट मागत नाही, भाव करतो. बीपरने महिन्याला दोन डॉलरच्या आत दर लावला होता. आपण विंडोजवर आयमेसेज द्या, भाव बोला, आम्ही घासाघीस करू. पण पाच मीटर कापड हवं असताना अख्खा तागा घ्या म्हणाल, तर सौदा जमणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रिंग रोडवरचा एक मराठी मेहताजी

ता. क. : उत्तर साध्या एसएमएसने पाठवलंत तरी चालेल. हिरव्याचं आम्हाला वावडं नाही.