मालकाची आई

परदेश बघून आलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. मुदखेड पडलं जंक्शन. आदिलाबादची गाडी लागेपर्यंत त्याच्या तावडीतून सुटका नाही.

आमचे सर निवृत्त इतिहास शिक्षक. मुलगा जर्मनीत. त्याच्याकडं गेले ते हट्टानं फ्लॉरेन्सलाही जाऊन आले, कारण कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० साली तिथं वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली, पुढं छत्री उभारली, अर्धपुतळा बसवला. हे सगळं सर दीड मिनिटात उरकतात. कारण छत्री बघून झाल्यावर त्यांना भूक लागली, आणि खरा इतिहास तिथून सुरू होतो.

गल्लीतली घरगुती खानावळ. बाप गल्ल्यावर, लेक वाढायला, भटारखान्यात मालकाची आई. पाव आळणी, कारण तिकडं टस्कनीत पाव बिनमिठाचाच करतात. नुसतं बसायचे माणशी दोन युरो वेगळे. हे सर आवाज खाली आणून सांगतात. मग आलं रिबोलिता. म्हणजे शिळा पाव, पांढरे बीन्स, काळपट पानांचा कोबी, उकळून पुन्हा उकळलेलं. चव घेताच सरांनी टाळी वाजवली. म्हातारी हात पुसत बाहेर आली आणि तिनं सरांचा गाल थोपटला.

"काय माया! काय माया!"

तेव्हापासून सरांना जिथं जातील तिथं मालकाची आई लागते.

स्टेशनबाहेरच्या टपरीवर भजी खाल्ली आणि म्हणाले, "आईला बोलव." टपरीवाला सरांचाच विद्यार्थी. त्याच्या हातातला झाराच गळाला. "सर, काय चुकलं? आता सोडली हो मी तंबाखू!" एका लग्नात पंगत थांबवून आचाऱ्याला बोलावलं. त्याची आई परभणीला, म्हणून फोन लावायला लावला. "माऊली, तुमच्या मुलाचं वरण..." म्हातारीला वाटलं, पोराला पोलिसांनी धरलं. नांदेडच्या वाटेवरच्या एका ढाब्यात मालक म्हणाला, आई वारली. सर उभे राहिले, आम्हालाही उभं केलं. दोन मिनिटं. रोट्या गार. सरांच्या खिशात गुलाब असतोच. मुदखेडला फुलांचा काय तोटा? आई सापडली की गुलाब, नाही सापडली की आम्हाला भाषण.

एवढं मात्र मान्य करायला हवं, की टपरीवाल्याची आई शेवटी खरंच आली. वर्षानुवर्षं घरी बसून डाळ वाटून देणारी बाई. सरांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिला गुलाब दिला आणि टाळ्या वाजवल्या. ती पदरात तोंड लपवून हसत सुटली. आता गल्ल्यावर तीच बसते, आणि उधारी बंद झालीय. त्या दिवसापासून सरांची मस्करी करताना माझी जीभ जरा अडखळते.

परवा त्यांच्याच घरी जेवायला होतो. काकूंनी शिळ्या भाकरीचा कुस्करा केला होता, लसणाची खमंग फोडणी देऊन. सर तो खात खात रिबोलिताचं वर्णन करत होते. मी म्हटलं, "सर, इथल्या मालकीणबाईंना बोलवा की."

"तिला कशाला? तिच्या भाकरी चालल्यात."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"त्या म्हातारीपाशी मी आत गेल्ते, ते सांगा की त्यांना," काकू आतूनच बोलल्या. "तुम्ही बाहेर गाल थोपटून घेतला. ती आत येऊन स्टुलावर टेकली. पाय हे असे सुजलेले. बोलणं कळंना, मी खुणंनं इचारलं, कव्हापासून उभ्या हाव? तिनं खिडकीतून सूर्य उगवल्याचं दाखवलं. मग मी तिचे पाय चोळले घडीभर. निघताना तिनंच मला पाणी दिलं."

सरांनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. घास हातातच राहिला. इतक्या वेळा सांगितलेल्या गोष्टीत आपली बायको कुठं होती, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, आम्हालाही नाही. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. हात टाळीसाठी अर्धे उचललेले.

"उभारलाव काय नुसते?" काकू म्हणाल्या. "ताटं उचला."