खाटांचा हिशेब

जमीन एकरात मोजतात, मटार पोत्यात आणि नर्सिंग खाटांत. बी.एस्सी. नर्सिंगचे कॉलेज काढायचे तर भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे संस्थेचे स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय लागते. परिचारिका किती हव्यात, तेही तसेच ठरते: सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, शिक्षण-रुग्णालयात तिघांमागे एक. प्रत्यक्ष वॉर्डात हा भागाकार कोणी करत बसत नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ असते: आज नाइटला एकटीच आहे.

जबलपूर जिल्ह्यातील शहपुऱ्याहून महाराष्ट्रात नोकरीसाठी निघणारी मराठी घरातील नवपदवीधर परिचारिका याच हिशेबाने तपासावी लागते. शहपुरा हे तहसिलीचे गाव. भारत पेट्रोलियमचा डेपो आणि हिवाळ्यातला मटार ही त्याची ओळख. शहपुरा नावाचे दुसरे गाव दिंडोरी जिल्ह्यात आहे, भोपाळमध्ये त्याच नावाची वस्ती आहे आणि राजस्थानात तर दोन शहपुरे आहेत. त्यामुळे येथील माणसाला पत्ता सांगताना जिल्हा आधी आणि गाव नंतर सांगण्याची सवय लागते. या भागात मराठी घरे आली ती भोसल्यांच्या अमलात, आणि पुढे कचेऱ्या, रेल्वे व १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी यांच्या मागोमाग. अशा घरात मराठी देवघरात आणि स्वयंपाकघरात टिकते. अंगणापासून पुढे हिंदीची हद्द.

त्या अंगणात एक खाट असते. सुंभाची, एका बाजूने झुकलेली. मुलीने नर्सिंगला प्रवेश घेतला ही बातमी मोहल्ल्यात पसरली की पहिल्या वर्षाची पुस्तके येण्याआधी या खाटेवर रुग्ण येऊ लागतात. बीपी बघ, ही गोळी जेवणाआधी की नंतर ते सांग, सासूबाईंच्या पायाला सूज का आहे ते बघ. मुलगी तेव्हा हात कसे धुवावेत या प्रकरणावर असते. तरी चार वर्षांत त्या एका खाटेवर जेवढे दंड तिच्या पट्ट्यात येतात, तेवढे प्रात्यक्षिकाच्या वहीत मावत नाहीत. ही खाट मात्र कोणत्याही नोंदीत धरली जात नाही.

पदवीला चार वर्षे, असे म्हणण्याची पद्धत आहे. मध्य प्रदेशात ती सर्वांच्या बाबतीत खरी ठरली नाही. काही नर्सिंग कॉलेजांतल्या खाटा कागदावरच आहेत, अशा तक्रारी झाल्या. जबलपूरच्या उच्च न्यायालयात याचिका गेली, चौकशी सीबीआयकडे आली, आणि २०२४ मध्ये सीबीआयला आपल्याच काही अधिकाऱ्यांना लाचेच्या आरोपावरून अटक करावी लागली. दरम्यान २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलींच्या परीक्षा लांबतच राहिल्या. ज्या खाटा कधी नव्हत्या त्यांच्यापायी खऱ्या मुलींची वर्षे गेली. या काळात त्यांचे अभ्यासाचे पुस्तक तेच राहिले. लग्नाचे विचारणारे नातेवाईक तेवढे वाढले.

पदवी हाती आली की भोपाळच्या राज्य परिषदेत नोंदणी होते. पण महाराष्ट्रात काम करायचे तर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी हवी, आणि त्यासाठी भोपाळचे ना-हरकत प्रमाणपत्र. भोपाळची हरकत नसते. फक्त तसे लेखी मिळायला वेळ लागतो. सरकारी जागांचा रस्ता आणखी अरुंद आहे. महाराष्ट्राचा अधिवास दाखला पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. घराण्याची मराठी दोनशे वर्षांची असली, तरी ती त्या पंधरांत मोजत नाहीत. गंमत अशी की शहपुऱ्यात तिला सगळे ‘मराठी दीदी’ म्हणतात, आणि महाराष्ट्रात पाऊल टाकताच ती ‘एमपीवाली’ होते.

प्रवासाचेही एक तंत्र आहे. मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच वेगवान गाड्या शहपुरा-भिटौनीला थांबत नाहीत. म्हणून पश्चिमेला जायचे तर आधी पूर्वेला, तीस-पस्तीस किलोमीटर उलटे, जबलपूरला जावे लागते. तेथे आईवडील डोळे पुसून निरोप देतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी मुलीच्या गावावरून, न थांबता, जाते. निरोपाचा भर ओसरतो न ओसरतो तोच घराकडचे झाड दिसते. सामानात प्रमाणपत्रांची फाइल, त्यांच्या तीन तीन झेरॉक्स, खव्याची जिलेबी, आणि हंगाम असेल तर मटार. उतरायचे पुण्याच्या मावशीकडे; तेथेही मटार मिळतो, ही माहिती घरात कोणी मानत नाही.

मावशीकडे आठवडा बरा जातो. नंतर जागा शोधावी लागते, आणि येथे विषय पुन्हा मूळपदावर येतो, कारण पुण्यात जागा ‘कॉट बेसिस’वर मिळते. एका खोलीत चार कॉट, त्यातली एक आपली. कपाट अर्धे, आरसा सामाईक. डबल ड्यूट्यांच्या दिवसांत त्या कॉटवर मुलीपेक्षा वाळत टाकलेला युनिफॉर्मच अधिक झोपतो.

मग मुलाखती. खाजगी रुग्णालयांच्या जाहिरातीत ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ हे शब्द छापील असतात. अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही, आणि नोकरी अनुभवाशिवाय. एम्सची ‘नॉरसेट’ परीक्षा, जी २०२० पासून घेतली जाते, या बाबतीत उदार आहे: बी.एस्सी. झालेलीला अनुभव विचारत नाही. जी.एन.एम. पदविकावालीला मात्र दोन वर्षे लागतात, आणि तीही किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या ऑक्टोबरात क्रिमियन युद्धातल्या जखमींकडे निघाली, तेव्हा तिच्या गाठीला लंडनच्या एका लहानशा रुग्णालयातला चौदा महिन्यांचा अनुभव होता. आजच्या जाहिरातीला तिने अर्ज केला असता तर ‘आम्ही कळवू’ हे उत्तर मिळाले असते. पुण्यातल्या गर्दीत केरळच्या मुली आहेत, मराठवाड्या-विदर्भाच्या आहेत, आणि मुंबईत नोकरी न मिळाल्याने आलेल्याही आहेत. ‘आम्ही कळवू’ ऐकून त्या सगळ्या एकाच चहाच्या टपरीवर भेटतात. नोकऱ्यांची खरी माहिती तेथेच मिळते.

पगारही खाटांवर. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली ती अशी: दोनशेहून अधिक खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका, शंभर ते दोनशे असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत असतील तर निदान वीस हजार रुपये. नियुक्तिपत्र हाती आले की मुलगी रुग्णालयात शिरून पहिल्यांदा खाटा मोजते. आकडा आणि पगार यांचा मेळ बसेलच असे नाही. शिफारस ही शिफारस असते.

नोकरी लागल्यावर नावाचा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या कागदात ती ‘नर्सिंग ऑफिसर’, महाराष्ट्राच्या सरकारी कागदात ‘अधिपरिचारिका’. तिच्या वर परिसेविका आणि त्यांच्याही वर अधिसेविका. हे शब्द पाटीवर राहतात. रुग्णासाठी ती सिस्टर. वॉर्डात ‘मावशींना विचारा’ असे कोणी म्हटले की तिला क्षणभर आपलीच मावशी आल्यासारखे वाटते. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात आयाबाईंना मावशी आणि वॉर्डबॉयला मामा म्हणतात, हे तिला दुसऱ्या दिवशी उमगते. आठवड्याभरात तिला या मावशींचा धाक आपल्या मावशीपेक्षा जास्त वाटू लागतो, आणि तो योग्यच आहे. सलाईनचा स्टँड कोठे दडवला आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

खरी परीक्षा दुखण्याच्या भाषेची. पुस्तकात वेदना शून्य ते दहा अशी मोजायला शिकवलेली असते. साताऱ्या-सोलापूरकडून आलेल्या आजीला ‘दहापैकी किती?’ असे विचारले, तर त्या ‘आठ आणे उतरलंय’ असे सांगतात. शहपुऱ्यात पोट सरळ ‘पिराता’ है. येथे पोटात कळ येते, मुरडा येतो, डोके ठणकते, बरगडीत चमक भरते, कमरेत उसण भरते. हा संग्रह घरच्या मराठीत नव्हता, कारण घरी दुखण्यावर हिंदीच बोलली जात होती. ‘ताप गेला, पण कसर आहे’ असे रुग्णाने सांगितले की हिंदीच्या सवयीने तिला आपल्या सेवेतच काही कमी पडले असे वाटते आणि ती ओशाळते. ‘पोटात गुबारा धरलाय’ हे वाक्य मात्र ती पहिल्या फटक्यात समजते: हिंदीत गुब्बारा म्हणजे फुगा. तिच्या दोन्ही भाषांनी एका ठिकाणी तरी एकमेकींना साथ दिल्याचा हा नोंदलेला प्रसंग. डॉक्टरांच्या राउंडला ती ‘ॲब्डॉमिनल डिस्टेन्शन’ म्हणून सांगते आणि आजी तिच्याकडे, हे मी कुठे म्हणाले, अशा नजरेने बघतात.

दोन वर्षे पुरी झाली की अनुभवाचे प्रमाणपत्र मागावे. त्यात रुग्णालयाच्या खाटांची संख्या लिहून घ्यावी; ती राहिली तर पुन्हा चकरा. ते घेऊन ती दुसरीकडे गेली की तिची जागा लगेच भरली जात नाही, कारण नव्या जाहिरातीत दोन वर्षांची अट असते.

पहिली मोठी रजा बहुधा जानेवारीत पडते. शहपुऱ्यात तेव्हा घरोघरी शेंगा सोलणे चालू असते. मुलगी सुंभाच्या खाटेवर आडवी होते न होते तोच शेजारची दादी बाही वर सारून हजर होते. पट्टा फुगत असताना दादी विचारते, अस्पताल में पलंग कितने हैं? मुलगी सांगते, ढाई सौ. दादीला आकडा पटतो. मग ती चौकशीच्या सुरात पुढे विचारते: उसमें तेरा कौन सा?

पट्ट्यातली हवा सोडेपर्यंत मुलगी विचार करते. बीपी एकशेचाळीस-नव्वद निघते. दादीला मीठ कमी करायला सांगितले जाते, आणि तिच्या मागे उभे असलेले चाचा बाही वर करतात.