कोनता रंग मारून रायले?

राईस मिलमधल्या दिवाणजींचं घर किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या नव्या वस्तीत उभं राहत होतं, तोवर त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पाया किती खोल, सळाख किती जाडीची, सिमेंट कोणत्या कंपनीचं, याच्याशी पवनी गावाला काही घेणंदेणं नव्हतं. प्लास्टर झालं मात्र, आणि वैनगंगेकडे जाणारा-येणारा प्रत्येक जण सायकल थांबवून विचारू लागला, "काजी दिवानजी, कोनता रंग मारून रायले?"

बांधकामाच्या बाबतीत पवनी तशी जुनीजाणती. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथली जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा आत मौर्य-सातवाहन काळातला, सांचीशी बरोबरी सांगेल एवढा स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. आपण बांधलं ते कोणी बांधलं हे चार लोकांना कळावं, ही इथली हौस दोन हजार वर्षांची आहे. दिवाणजींनी पाटी आधी करून घेतली होती. लावायला रंगवलेली भिंत तेवढी नव्हती.

त्यांच्या जुन्या घरी हा प्रश्न आला नाही. मातीच्या भिंती, वर कवेलू. दिवाळी जवळ आली की पोतारा घ्यायचा, चुन्यात नीळ टाकायची, डिंक घालायचा आणि दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो, ही रसायनशास्त्रातली गंमत पवनीच्या बायका शाळेत न जाता पिढ्यानपिढ्या करून दाखवत आल्या आहेत. दोष एकच, टेकून बसलेल्याच्या पाठीवर तो थोडा जातो. लग्नघरातून जेवून निघालेला पाहुणा पाठीवरून ओळखता येई.

नव्या घरासाठी पेंटर आला. त्याने भिंतीवर नखाने ओरखडा काढला, ओठ मुडपले आणि सांगितलं, महिनाभर हात लावायचा नाही. सिमेंटमधला क्षार ताजा असताना रंग मारला तर तो फुगतो, पांढरा खार वर येतो. मग पुट्टी दोन हात, ती चाळीस किलोच्या थैलीत येते; मग घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दिवाणजींनी विचारलं, "घर आठशे फुटाचं हाये. रंग किती फुटाचा?"

"अठ्ठावीसशे धरा."

दिवाणजींची हयात धानात गेलेली. क्विंटलभर धान गिरणीत टाकला की सरकारी हिशेबाने ६७ किलो तांदूळ बाहेर येतो, म्हणजे वस्तू आत गेली की कमी होते, हे त्यांना पाठ होतं. आठशेचे अठ्ठावीसशे होणारा धंदा त्यांनी पाहिला नव्हता. रात्री कंदिलासारखा मोबाईल धरून त्यांनी टेपने सगळ्या भिंती मोजल्या, दारं-खिडक्या वजा केल्या, छत मिळवलं. सत्तावीसशे साठ निघाले. पेंटरबद्दलचा त्यांचा आदर वाढला आणि झोप कमी झाली.

शेडकार्ड नागपूरहून आलं. पवनीच्या माणसाला नागपूर शहर म्हणून ठाऊक नाही, दवाखाना म्हणून ठाऊक आहे. भिवापूर, उमरेड करत एसटी निघते, पेशंट दाखवला जातो, बर्डीवर काहीतरी खाल्लं जातं आणि संध्याकाळी गाव गाठलं जातं. तेव्हा खरी मोठी शहरं पाहायची दिवाणजींची राहूनच गेली होती. त्या कार्डात हजाराच्या वर रंग. नुसत्या पांढऱ्याचेच इतके प्रकार, की दिवाणजींच्या बाई म्हणाल्या, "अजी, हे तं सारे आपल्या धुतल्या धोतराचेच रंग हायेत." दिवाणजींना रंगाची एकच कंपनी माहीत होती, डब्यावर केस विस्कटलेला, ब्रश घेतलेला पोरगा असायचा ती. तो गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला होता. आता डब्यावर गट्टू नव्हता, आणि त्याच्याशिवाय कोणावर भरवसा ठेवावा हे दिवाणजींना कळेना.

भिंती वाळायला महिना होताच. मुलीचं बोलावणं बरेच दिवसांचं होतं. मुंबईला जाऊ, चार घरं पाहू, मग ठरवू, असा ठराव पास झाला. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्सप्रेस पकडली आणि सकाळी दोघं मुंबईत उतरली.

जवाईबापू घ्यायला आले होते. दिवाणजी बाहेर येऊन वळले, मान वर केली आणि स्टेशनाकडे बघत राहिले. १८७८ ते १८८८, दहा वर्षं बांधकाम. २००४ पासून जागतिक वारसा. जवाई सगळं सांगत होते. दिवाणजींनी सगळं ऐकून विचारलं, "याले रंग कोनता हाये?"

"रंग नाही मामाजी. दगडच आहे."

दिवाणजी हबकले. ज्या इमारतीवर एवढा खर्च झाला तिला रंगच दिला नाही. बरं, राजाबाई टॉवर पाहिला, तोही बिनरंगी. जयपूरच्या महाराजांनी १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून शहर गुलाबी करून घेतलं होतं, म्हणजे पाहुण्यासाठी रंग काढायची रीत राजेरजवाड्यांपासूनची. मुंबईत पाहुणे रोज गाडी भरभरून येतात. कोणासाठी म्हणून रंग काढणार?

मुलीचं घर घाटकोपरला, सातव्या मजल्यावर. इमारत बांबूंच्या परांचीत आणि हिरव्या जाळीत गुंडाळलेली. बाहेरून रंगवायची होती, पण थांबलं होतं. मुंबईत फ्लॅटच्या किमतीत पवनीला अर्धी आळी येईल, पण बाहेरच्या भिंतीचा रंग मालकाच्या हातात नसतो; सोसायटीच्या सभेत ठराव लागतो. एका गटाला बदामी हवा होता, दुसऱ्याला करडा. तिसरा गट म्हणत होता, आधी गळती बघा. दिवाणजी सभेला पाहुणे म्हणून जाऊन बसले. दोन तास ऐकलं. बाहेर पडताना त्यांचा चेहरा उजळला होता. पवनीत सायकल थांबवून विचारतात, इथे नोटीस काढून विचारतात, फरक एवढाच.

घराच्या बैठकीत तीन भिंती फिकट आणि एक गडद जांभळी होती. दिवाणजी बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री बाईंना हळूच म्हणाले, "रंग पुरला नाई वाटते. जवाईबापूले विचारू नोको, वाईट वाटन."

पुढचे दिवस मुंबईने आपली सगळी शेडकार्डं उघडली. लाल बेस्ट, काळीपिवळी टॅक्सी, समुद्राचा मात्र कार्डात नसलेला राखाडी. मेट्रोने अंधेरीकडे जाताना असल्फा स्टेशन आलं आणि बाई उठून उभ्याच राहिल्या. डोंगरभर चढत गेलेली घरं निळी, पिवळी, गुलाबी, हिरवी. 'चल रंग दे' नावाच्या संस्थेने स्वयंसेवक जमवून २०१७-१८ च्या थंडीत ती वस्ती रंगवली होती. तेव्हा वर्तमानपत्रांना लगेच इटलीचं किनाऱ्यावरचं गाव आठवलं. मेट्रोतल्या पोरी फोटो काढू लागल्या. बाईंनी चालत्या गाडीतून जमेल तेवढं पाहून घेतलं आणि विचारलं, "बाहीरून तं झकास. आतून कोनता मारला असन?" डब्यातल्या कोणाकडेही याचं उत्तर नव्हतं.

परत येताना नागपूरला उतरून रंग घ्यायचा बेत होता. दुकानात यंत्र असतं. पांढऱ्या बेसच्या बादलीत कोडप्रमाणे रंगाचे थेंब सोडतं आणि बादली गदागदा हलवून देतं. एकदा मिसळलेला रंग परत घेत नाहीत. म्हणूनच दुकानाच्या कोपऱ्यात कोणी तरी ऑर्डर देऊन न नेलेली वीस लिटरची बादली पडून होती, निम्म्या किमतीत. हजार रंग, दोन शहरं, सोसायटीची सभा, सगळं एका बाजूला आणि निम्मी किंमत दुसऱ्या बाजूला. दिवाणजींनी बादली एसटीच्या टपावर चढवली.

रंग विटकरी म्हणावा तर नाही, केशरी म्हणावा तर तोही नाही. बाईंनी डोक्याला हात लावला. पेंटरने दोन खोल्या केल्या, बैठकीच्या तीन भिंती केल्या आणि बादली उलटी करून दाखवली. कोडची चिठ्ठी कधीचीच पडून गेलेली. तोच रंग पुन्हा जगात कुठे होणार नव्हता. चौथ्या भिंतीला पवनीत मिळाला तो हिरवा लागला.

वास्तुपूजेला सगळी वस्ती आली. जेवणं झाली, पानं वाटली गेली, आणि एक म्हातारे काकाजी त्या हिरव्या भिंतीपुढे काठी टेकून उभे राहिले.

"दिवानजी, रंग पुरला नाई काजी?"

"नाई काकाजी," दिवाणजी म्हणाले, "एक भिंत वायली ठेवा लागते. मुंबईले जवाईबापूकडं पायलं."