क्वालिटी काकांचा ज्यूस

निगडी प्राधिकरणात सकाळी सहाला कुणाच्या स्वयंपाकघरातून दबकी घरघर ऐकू आली की समजावं, क्वालिटी काकांची फर्स्ट शिफ्ट लागली. नाव काहीही असो, हे काका प्रत्येक सेक्टरात सापडतात. उभी नोकरी भोसरी-आकुर्डीत इन्स्पेक्शनला काढलेली. रिटायरमेंटनंतर त्यांनी कोल्ड प्रेस ज्यूसर घेतला आणि ओट्याचा शॉप फ्लोअर झाला. काकूंना आता तिथे चहा करायलाही गेटपास लागतो.

"जुना ज्यूसर मिनिटाला दहा हजारांवर फेरे मारायचा. रस कमी, फेस फार. हा साठाच्या आतबाहेर!" हे काका पाहुण्याला सांगतात. पाहुणा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असतो.

पिंपरीच्या मंडईतून पिशवी आली की आधी इनवर्ड इन्स्पेक्शन. गाजराचे तुकडे एका मापाचे हवेत. संत्र्याची साल तर काढायचीच, पण आतला पांढरा पापुद्राही, कारण तोच रस कडवट करतो. दुधीची चकती काका आधी स्वतः चाखतात. कडू लागली की अख्खा दुधी रिजेक्ट. यावर मात्र हसू नये. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत, आणि तो पिऊ नका असं आयसीएमआरच्या तज्ज्ञांनीही बजावलंय. काकांच्या एसओपीतला हा एक नियम जीव वाचवणारा, बाकीचे जीव खाणारे.

मग फीडिंग. पालक एकटा टाकला की स्क्रूला गुंडाळून बसतो, म्हणून चार पानं पालक, त्यामागे गाजर, पुन्हा पालक. दामटायचं नाही. एकदा काकूंनी घाईत सगळं एकदम कोंबलं आणि मशीन अडकलं. रिव्हर्सचं बटण दाबलं की मोकळं होतं, पण काकांनी आधी 'व्हाय-व्हाय' काढलं. पाच वेळा 'का?' विचारलं की मूळ कारण हाती लागतं, असं त्यांचं ट्रेनिंग. पाचव्या 'का?'ला काकू म्हणाल्या, "कारण तुम्ही घरी असता."

रस निघाला की चोथा काट्यावर. ओलसर वाटला तर रिवर्क, म्हणजे पुन्हा मशीनमध्ये. जाळी लगेच धुवायची, नाहीतर चोथा वाळून छिद्रं बुजतात. एसओपीत हे काम 'ऑपरेटर'कडे आहे, आणि ऑपरेटर कोण ते विचारायची सोय नाही. उरलेला चोथा काकू थालीपिठात मळतात. काका तीन थालीपिठं खातात आणि वहीत लिहितात, स्क्रॅप शून्य.

परवा मुलाच्या कंपनीकडे जाताना ते चाकणला तळेगाव चौकाच्या जाममध्ये अडकले आणि कडेच्या रसवंतीवर उतरले. पोरगा ऊस दुमडत होता, दुमडीत लिंबू आणि आलं, आणि तीच मोळी चरकातून पुन्हा पुन्हा. रोलर संथ, घुंगरं जोरात. फीडिंग बरोबर, रिवर्क बरोबर, फेरेही बेताचे, आणि भिंतीवर एसओपी नाही, फक्त कानिफनाथांचा फोटो. काकांनी चष्मा चढवला, चरकाशी वाकले.

"आरपीएम किती रे याचा?"

"काका, हाफ का फुल?"